‘मेंटल’ की ‘बिहेव्हियरल’: भावाला न्यायचं कुणाकडे?

ताईंचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर त्यांना सांगता येईल. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, इथेच ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आईवडिलांजवळ राहतो. एका अमेरिकन कंपनीचं काम घरून करतो, संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेचार. गेलं दीड वर्ष काम संपलं की पितो, मग झोपतो आणि दुपारी एकच्या पुढे उठतो. मित्र सुटले, तबला सुटला, ताट खोलीत मागवतो. आता कंपनीकडून एक पत्रक आलंय, त्यात ‘बिहेव्हियरल हेल्थ’ची सहा सत्रं मोफत आहेत. भाऊ म्हणतो, "तिथे जाईन, मेंटलवाल्याकडे नाही जाणार." आई म्हणते, स्थळं बघतोय, मेंटलचा शिक्का नको. वडील म्हणतात, सवयच आहे, मनावर घेतलं तर सुटेल. आणि ताई विचारतात, या दोन शब्दांत फरक काय, आणि त्याला न्यायचं कुणाकडे?

मी ग्वाल्हेरला २४ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. शब्दांचा फरक दोन परिच्छेदांत सांगून होईल. पण ताई, तुमची खरी अडचण शब्दकोशातली नाही. भाऊ दीड वर्षानंतर पहिल्यांदा कुठेतरी जायला ‘हो’ म्हणालाय आणि त्या दाराने गेला तर मूळ दुखणं तसंच राहील की काय, ही तुमची धास्ती आहे. त्याचं उत्तर आधी देते: जाऊ द्या. पत्रकावर जे नाव आहे त्याच नावाने जाऊ द्या. फक्त तो किती पितो ते नीट कळल्याशिवाय ‘आजपासून बंद’ असं कुणी त्याच्याकडून वदवून घेऊ नका. का, ते पुढे सविस्तर सांगते, कारण या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

मानसिक आरोग्य म्हणजे मनाची अवस्था: विचार, भावना, भान, आठवण, ताण पेलण्याची ताकद. आजार नसणं एवढाच त्याचा अर्थ नाही. रोजचे ताण सोसता येणं, काम करता येणं, चार माणसांच्या उपयोगी पडता येणं, हे सगळं जागतिक आरोग्य संघटना त्यात धरते. बिहेव्हियरल हेल्थ म्हणजे आपण जे करतो किंवा टाळतो त्याचं आणि तब्येतीचं नातं. त्यात झोप येते, खाणं, पिणं, चालणं, तंबाखू, जुगार, आणि मधुमेहाची गोळी वेळेवर घेणंसुद्धा येतं. अमेरिकेत मात्र हा शब्द याहून मोठ्या गाठोड्यासाठी वापरतात. मानसिक आजार, दारू आणि नशेचे विकार, शिवाय या सवयी, असं सगळं तिथे ‘बिहेव्हियरल हेल्थ’मध्ये बांधलेलं असतं. म्हणजे तुमच्या हातातल्या पत्रकात ‘मेंटल’ वगळलेलं नाही. ते आतच आहे, वरच्या चिठ्ठीवर तेवढं लिहिलेलं नाही.

हा शब्द तिथे एवढा पसरला त्यामागे विमा कंपन्यांचा मोठा हात आहे. १९८०च्या दशकात मानसिक उपचार आणि व्यसनमुक्ती यांचा खर्च सांभाळायचं काम तिथल्या विमा कंपन्या वेगळ्या कंपन्यांकडे सोपवू लागल्या, आणि दोन्हींना मिळून एक नाव लागत होतं. ‘मेंटल’ आणि ‘अ‍ॅडिक्ट’ या दोन शब्दांपेक्षा हे नाव कानाला कमी बोचतं, हाही फायदा झालाच. तुमच्या भावाची कंपनी तिकडची, म्हणून पत्रकावर शब्दही तिकडचा.

आपल्याकडे कायद्याने अशी भिंत घातलेलीच नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८पासून लागू आहे. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. डॉक्टर ज्या यादीवरून निदानाचा क्रमांक लिहितात त्या जागतिक यादीच्या दहाव्या आवृत्तीत या प्रकरणाचं नावच ‘मानसिक आणि वर्तनविषयक विकार’ असं आहे. त्यात एफ १० म्हणजे दारूचे विकार, एफ ३२ म्हणजे नैराश्य. एकाच प्रकरणातली दोन पानं आहेत ती. त्यामुळे भाऊ कुठल्याही नावाच्या दारातून गेला, तरी आतला जाणकार माणूस ही दोन्ही पानं उघडूनच बसलेला असायला हवा.

आता एक गोष्ट, जी इंग्रजीत वाचणाऱ्याला कळणार नाही आणि आपल्याला लगेच कळेल. ‘बिहेव्हियर’चं मराठी आपण करतो वर्तन किंवा वर्तणूक. आणि वर्तणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शाळेचं प्रगतिपुस्तक. ‘वर्तणूक: चांगली.’ किंवा नोकरीसाठी लागणारा चारित्र्याचा दाखला. ‘वळण लागलं नाही’, ‘लाडाने बिघडला’, ‘नाद लागला’. आपल्या घरांत हा सगळा संस्कारांचा प्रांत आहे. त्यामुळे भावाची अडचण ‘बिहेव्हियरल’ आहे असं म्हटलं की वडिलांना ऐकू येतं, ‘मुलगा वाईट वळणाचा आहे.’ आणि ‘मेंटल’ म्हटलं की आईला ऐकू येतं, ‘मुलगा वेडा आहे.’ एका शब्दातून रागावणं निघतं, दुसऱ्यातून लपवणं. आमच्या कामात वर्तनाला चांगलं-वाईट चिकटलेलं नसतं. रात्री तीन वाजता जागं असणं हे वर्तन, आईचा फोन न उचलणं हे वर्तन, पेग भरणं हे वर्तन, आणि तुम्ही त्याचं ताट निमूटपणे खोलीत नेऊन देता तेही वर्तन. ते कधी होतं, कशाच्या आधी होतं आणि झाल्यावर काय मिळतं, एवढंच आम्ही पाहतो.

शिक्क्याच्या भीतीबद्दल मी आईंना दोष देणार नाही. पुण्याकडचे लोक चिडले की ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, मुंबईकडचे ‘ठाण्याला’, उत्तरेत सगळे ‘आग्र्याला’. आपल्याला तर दूरही जावं लागत नाही, मानसिक आरोग्यशाळा आपल्याच शहरात आहे. लहानपणापासून ते नाव चिडवायला वापरलेलं ऐकलेल्या बाईला त्याची धास्ती वाटणारच. पण तिथल्या ओपीडीत रोज येणाऱ्यांत झोप न लागणारे, छाती धडधडणारे, नोकरदार, कॉलेजची मुलं, असे तुमच्या-आमच्या घरांतलेच लोक असतात. ते पर्चा घेऊन घरी जातात.

फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, त्याची दोन-तीन माणसं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दौलतगंजकडचे एक निवृत्त काका. साखर हाताबाहेर गेलेली, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं, चिठ्ठीवर लिहिलेलं ‘डिप्रेशन?’. काकांशी तासभर बोलले. मन खुशाल होतं. नातवंडं, भजन, मित्र सगळं छान. अडचण एवढीच की संध्याकाळी सातला ते देवळात बैठकीला जायचे, साडेआठला भुकेने कासावीस होऊन परत यायचे आणि थेट पानावर बसायचे. इन्सुलिनचं पेन आतल्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. महिन्यातले दहा-बारा दिवस ते चुकायचंच. आम्ही सूनबाईंना एवढंच सांगितलं की काकांनी हातपाय धुतले की आधी पेन पुढे ठेवायचं आणि टोचून झाल्याशिवाय पान वाढायचं नाही. तीन भेटींत काम झालं. ही निव्वळ बिहेव्हियरल हेल्थ. यात मानसिक आजार औषधालाही नव्हता.

याच्या अगदी उलट, खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या एक वहिनी. वय ४६. घर आरशासारखं लख्ख, सासूबाईंचं पथ्यपाणी वेळेवर, गणपतीला २१ मोदक हाताने वळलेले. घरच्यांना काहीच खटकत नव्हतं. त्या एकट्याच माझ्याकडे आल्या, पिशवीत भाजी होती, म्हणजे घरी मंडईचं निमित्त सांगून आल्या होत्या. म्हणाल्या, "मोदक हात वळत होते. मी तिथे नव्हतेच. गेले सहा महिने मी कुठेच नाहीये." रोज पहाटे तीनला जाग यायची आणि मरणाचे विचार यायचे. बाहेरून पाहिलं तर वर्तन दहापैकी दहा. आत नैराश्य इतकं गडद की मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे फोन करून त्यांना पाठवलं. नुसतं वर्तनावर लक्ष ठेवणारा माणूस यांना निरोगी ठरवून मोकळा झाला असता.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती मी सगळ्यांना सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक शिक्षक येत. चाळिशीचे, अत्यंत सौम्य, घरी नित्य पूजा. मन लागत नाही, झोप तुटते, वर्गात चिडचिड होते. मी तीन महिने त्यांच्या विचारांवर काम केलं. थोडा उतार पडायचा, पुन्हा जैसे थे. दारूबद्दल मी एकदाही विचारलं नाही, कारण ‘अशा’ घरात तो प्रश्न विचारणं मला अपमानाचं वाटलं. श्रावण लागला. आपला श्रावण, इथल्या हिंदी भाषकांच्या सावनच्या पंधरा दिवस मागून येणारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला: सर आंघोळीला गेले आणि बाथरूममध्ये पडले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस. दवाखान्यात कळलं की गेली सहा वर्षं ते रोज रात्री एक क्वार्टर, कधी जास्त, घ्यायचे आणि श्रावण म्हणून आदल्या दिवशी एकदम सोडली होती. ते वाचले. पण मी त्यांच्या मनाशी बोलत राहिले आणि हाताकडे पाहिलं नाही. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, हे मला नंतर आठवलं. तेव्हापासून माझ्यासमोर कोणीही बसलं, अगदी आजीबाई असल्या तरी, मी विचारते: दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, यातलं काय आणि किती?

आता वडिलांच्या वाक्याकडे येते. "मनावर घेतलं तर सुटेल." वडिलांना सांगा, तुम्ही स्वतःच दारूची दोरी मनाकडे दिलीत की. पण त्यात एक तिसरा भागीदार राहतो, तो म्हणजे शरीर. रोज भरपूर दारू जात असेल तर मेंदू तिच्या दडपणाखाली काम करायला शिकतो, स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. ती एकदम काढली की तो वाढलेला वेग तसाच धावत राहतो. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, नाडी वाढते. पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमाराला काहींना भ्रम होतो, दिवस-रात्रीचं भान सुटतं, नसलेली माणसं आणि किडे दिसतात. या अवस्थेत उपचार मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. ‘सवय’ म्हटलं की हे सगळं नजरेआड होतं, म्हणून तो शब्द मला धोक्याचा वाटतो. चहाची सवय सोडली तर डोकं दुखतं. दारूबद्दल तोच हिशेब लावून घरच्या घरी शपथ घालू नका. देवासमोर हात ठेवून तर नकोच. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली, ती पाच-सात दिवसांत सुरक्षितपणे थांबवता येते, आणि त्याबरोबर थायामिन हे जीवनसत्त्वही देतात, कारण रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो.

भावाच्या बाबतीत हे किती लागू आहे, ते तो किती पितो यावर अवलंबून आहे, आणि ते तुमच्या प्रश्नात नाही. ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, याला आम्ही एक युनिट म्हणतो. १८० मिलीचा क्वार्टर म्हणजे सहा युनिटं. आठवड्यातून दोनदा दोन पेग आणि रोज एक क्वार्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. आणखी एक. डॉक्टर हमखास विचारतात, "सकाळी उठल्याबरोबर घ्यावीशी वाटते का?" तुमचा भाऊ पहाटे पाचला पितो, तर ती त्याची ‘सकाळची दारू’ नव्हे. त्याची ती रात्र आहे. त्याची सकाळ दुपारी एकला होते. तेव्हा प्रश्न असा विचारा: जागा झाल्यावर किती वेळाने पहिला घोट लागतो, आणि तोवर हात स्थिर असतात का? रात्रपाळीच्या माणसाला हा प्रश्न घड्याळाप्रमाणे विचारला की उत्तर चुकतं.

झोपेचंही तसंच. पाचला झोपून एकला उठणं हे एरवी मी नैराश्याचं लक्षण म्हणून नोंदलं असतं, पण इथे ती नोकरीची वेळ आहे. त्यावरून घरात भांडू नका. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग ती झोप तोडते. मग उठल्यावर अंग आंबलेलं, डोकं जड, आणि पुढच्या पहाटे पुन्हा ‘झोप यावी म्हणून’ पेग. मला जास्त काळजी वाटते ती तबल्याची. नोकरीमुळे मित्रांच्या वेळा जुळत नाहीत, हे समजू शकतं. तबला तर खोलीतच आहे आणि दुपारी दोन ते सात वेळही आहे. आवडीची गोष्ट हाताशी असून हात तिकडे जात नाही, तेव्हा मी मनाकडे बघायला लागते.

तर आधी मन बिघडलं म्हणून दारू आली, की दारूमुळे मन बिघडलं? पहिल्या भेटीत हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दारू स्वतःच मन खाली ओढते. पुष्कळ लोकांची उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीच निवळते, काहींची तशीच राहते. म्हणून आम्ही साधारण तेवढे दिवस थांबून पुन्हा तपासतो आणि मग नैराश्याचं औषध लागेल का ते ठरतं. याला अपवाद आहे: मरणाचे विचार असतील, पूर्वी नैराश्याचा झटका येऊन गेला असेल किंवा घरात कुणाला असा आजार असेल, तर वाट पाहत नाहीत.

वर्तनाच्या बाजूने सुरुवात करून मनापर्यंत कसं पोचतो, ते दाखवते. तुमच्या भावासारख्याच वेळांत काम करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याची दारू मानसोपचारतज्ज्ञांनी औषधांनी आधीच थांबवलेली, पण महिन्याभरात दोनदा पुन्हा सुरू झाली. मी त्याला शाळेची दोनशे पानी वही आणायला लावली. रेघ मारून तीन रकाने: वाजले किती, केलं काय, त्याच्या आधी अंगात आणि मनात काय होतं. एका पानावर त्याने लिहिलं होतं: ‘४.३५. लॅपटॉप बंद. पंख्याचा आवाज ऐकू येतोय. घशात गोळा. ४.४०. मॅनेजरचा मेसेज परत वाचला. ४.५०. कपाट उघडलं.’ आठ दिवसांची पानं समोर ठेवली तर कपाट दर वेळी त्याच पंधरा मिनिटांत उघडत होतं. नऊ तास कानात माणसं बोलत असायची, आणि एकदम घर गप्प. त्याला स्वतःला वाटत होतं की तो ‘थकवा घालवायला’ पितो. वहीत थकवा हा शब्द एकदाच होता, ‘गप्प’ पाच वेळा.

त्याच्या घरी आजोबा पावणेपाचला उठायचे, हे सहज बोलण्यात आलं. आम्ही ठरवलं, लॅपटॉप बंद केला की खोलीत थांबायचं नाही, आजोबांसाठी चहा टाकायचा. पहिला आठवडा दोघं चहा घेऊन नुसते बसले. पुढे आजोबा सांगायला लागले, छत्रीबाजारात लहानपणी काय काय पाहिलं ते. यालाच आमच्या भाषेत बिहेव्हियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात: मन तयार होण्याची वाट न पाहता, छोटी, अर्थ असलेली कृती आधी ठरलेल्या वेळी करायची, मन मागून हलतं. नैराश्यावर या पद्धतीचा चांगला अनुभव आहे. पण त्या घशातल्या गोळ्याबद्दल, मॅनेजरच्या मेसेजबद्दल, ‘मी पुरेसा नाही’ या त्याच्या जुन्या समजुतीबद्दलही बोलावं लागलं, आणि त्याला पाच महिने लागले. यात वर्तन कुठे संपलं आणि मन कुठे सुरू झालं, ते मला आजही रेघ मारून सांगता येणार नाही.

म्हणून पत्रकावरच्या सत्रांबद्दल. बहुतेक ती फोनवर किंवा व्हिडिओवर असतील आणि पलीकडे समुपदेशक असेल. सुरुवात म्हणून चांगलं आहे. समुपदेशक औषध देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतो, भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते, औषध तोही देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध आणि दारू सोडवण्याचं वैद्यकीय काम त्याचं. भावाला पहिल्याच सत्रात विचारायला सांगा: समोरच्याची पात्रता काय, औषध लागलं तर ते कुणाकडे पाठवतात, आणि कंपनीला नेमकं काय कळवतात. हे तिसरं लेखी घ्या. मानसिक उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला दिला आहे. घरचा आरोग्य विमा असेल तर तोही काढून वाचा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं त्याच कायद्यात आहे, मात्र दारूसंबंधीच्या अटी पॉलिसीत बारीक अक्षरांत वेगळ्या असू शकतात.

सहा सत्रांत सगळं होईल का? दारू आठवड्यातून एक-दोनदा आणि मन फारसं खचलेलं नसेल तर कदाचित होईल. रोजची असेल तर नाही, आणि मग जयारोग्य रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागेल. त्या वेळी ‘मी तर बिहेव्हियरलवाल्यांकडे जातो’ म्हणून तो अडून बसेल. वाद घालू नका. त्या समुपदेशकालाच सांगू द्या. ज्याच्यावर चार सत्रांत विश्वास बसलाय त्याच्या तोंडून ‘एकदा डॉक्टरांना दाखवून ये’ हे वाक्य फार वेगळं लागतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आईंसाठी दोन शब्द. काकू, स्थळं सहा महिने थांबवा. ‘लग्न झालं की सुधारेल’ हे ऐकून आलेल्या मुली पुढे माझ्यासमोर बसलेल्या असतात, आणि त्यांचं रडणं मला ऐकवत नाही. उपचार घेणाऱ्या मुलाबद्दल समोरच्या घराला सांगणं जड जाईल, मान्य आहे. आपण काही निराळं घर नाही, एवढं ध्यानात ठेवा. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली, त्यात आपलं मध्यप्रदेशही होतं. मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि दारूच्या विकारात तर शंभरातले ८५हून जास्त उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. तुमचा मुलगा स्वतःहून ‘जाईन’ म्हणतोय.

आणि ताई, तुम्ही. खोलीत ताट नेणं हळूहळू बंद करा, पण रागाने नको. "एकटीला जेवायला कंटाळा येतो, दोन वाजता माझ्याबरोबर बस" असं सांगा. आठवड्यातून दोनदा बसला तरी पुष्कळ. दारूबद्दल बोलायचं ते तो पिऊन झाल्यावर नाही, दुपारी तीन-चारला, ताजा असताना. "का पितोस?" असं विचारलं की माणूस वकिली करतो. "काल लॅपटॉप बंद केल्यावर कसं वाटत होतं रे?" हे विचारून बघा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. अनेकदा मिनिटभर काहीच येत नाही. ते मिनिट जाऊ द्या.

तो मरणाची भाषा बोलला, अगदी सहज, ‘मी नसलो तर काय फरक पडणार’ अशी, तरी ते वर्तन की मन हा घोळ घालू नका. त्याला एकटा सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनेल, कीटकनाशक उचलून ठेवा आणि १४४१६ लावा. ही टेलिमानस सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. ‘माझ्या भावाबद्दल बोलायचंय’ म्हणून तुम्हीही तिथे फोन करू शकता.

पहिलं सत्र मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जातील. तेवढ्यात वही आणा आणि त्याच्या टेबलावर ठेवा, लिहायची सक्ती नको. उद्या दुपारी तो उठला की चहा बशीसकट त्याच्या हातात द्या आणि कप-बशी वाजते का तेवढं बघा. वाजत असेल, घाम असेल, किंवा चहाआधीच त्याला दुसरं काही लागत असेल, तर सत्राची वाट पाहू नका. दारू चालू असतानाच, ती बंद करायला न लावता, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: रोज किती, आणि शेवटची कधी घेतली.